रोशन गेटचं बिनपाटीचं गॅरेज आणि कोरोनात उभ्या राहिलेल्या गाड्या

ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे आणि कोरोनाच्या दोन वर्षांनंतर तिनं कायमचं अंग टाकलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. छत्रपती संभाजीनगरात रोशन गेटच्या पलीकडं, एका फॅब्रिकेशनच्या दुकानामागं पत्र्याच्या शेडमध्ये एक गॅरेज आहे. पाटी नाही, छापील बिल नाही, बसायला एक बाकडं आहे. मालकाला सगळे चाचा म्हणतात, मीही तेच म्हणते. फियाट, अ‍ॅम्बेसेडर, जुन्या जीपा, येझदी, राजदूत, लॅम्ब्रेटा एवढंच काम ते घेतात. नवी कार नेलीत तर हात लावणार नाहीत.

माझी गाडी म्हणजे आमच्या आबांची 1980 ची प्रीमियर पद्मिनी. कागदावर पद्मिनी, पण घरात तिला फियाटच म्हणतात. आम्ही जालन्याचे. आबा गेल्यावर गाडी माझ्याकडं आली, आणि तिच्याबरोबर आबांची माणसंही आली: परभणीचे, लातूरचे, अंबाजोगाईचे जुन्या गाड्यांचे हौशी लोक. दर हिवाळ्यात एखाद्या मैदानावर गाड्या लावायच्या, 26 जानेवारीला झेंडा लावून शहरातून फेरी काढायची, एखाद्या रविवारी दौलताबादचा घाट चढून खुलताबादला जायचं. बक्षिसं वगैरे फार नसायची. बॉनेट उघडून तासन्‌तास बोलणं, हाच खरा कार्यक्रम.

मग 2020 उजाडलं. फेब्रुवारीत ग्रेटर नोएडाचा ऑटो एक्स्पो, म्हणजे नव्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन, पार पडला, आणि त्याच महिन्याच्या 28 तारखेला जिनिव्हाचा मोटार शो ऐन तोंडावर रद्द झाला, कारण स्वित्झर्लंडच्या सरकारनं हजारावर माणसं जमवायला बंदी घातली. तेव्हा ती बातमी आम्हाला लांबची वाटली होती. 22 मार्चला जनता कर्फ्यू, 25 पासून टाळेबंदी. पुढं अमेरिकेत डेट्रॉईटच्या ज्या हॉलमध्ये गाड्या मांडायच्या तिथं रुग्णांच्या खाटा पडल्या. कॅलिफोर्नियात पेबल बीचला दर ऑगस्टला जुन्या गाड्यांचा एवढा मोठा सोहळा होतो, तोही त्या वर्षी झाला नाही. आमच्या मेळाव्याचं तर कुणी नावही काढलं नाही, आणि काढू नये असेच ते दिवस होते. 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली सोळा मजूर गेले. ते आमच्या जालन्यातल्या स्टीलच्या कारखान्यातून पायी निघालेले होते. त्यानंतर कितीतरी दिवस मी गाडीवरचं कापडसुद्धा काढलं नाही.

मोठ्या कंपन्यांनी वाट काढली. नवी गाडी पडद्यावर दाखवली तरी बुकिंग येतं, हे त्यांना कळलं. इंग्लंडात गुडवूडला ऑक्टोबर 2020 मध्ये एकही प्रेक्षक न घेता शर्यती भरवल्या आणि लोकांनी घरी बसून पाहिल्या. 2022 चा ऑटो एक्स्पो पुढं ढकलून जानेवारी 2023 मध्ये झाला. जिनिव्हाचा शो 2024 मध्ये एकदा परतला आणि मग आयोजकांनी तो बंदच केला. नव्या गाडीला मैदान मिळालं नाही तरी तिचं फारसं बिघडत नाही. जुन्या गाडीचं सगळं बिघडतं, आणि ते का, हे मला या गॅरेजमध्ये समजलं.

चाचांचं म्हणणं असं: "बेटा, मेला बंद हुआ, तो गाडी बंद हुई. छब्बीस को फेरी है बोले तो लोगां बीस को इधर आते. तारीख नई, तो कौन आता?" अगदी खरं आहे. कंपनीचं सर्व्हिसचं पुस्तक कधीच संपलेल्या गाड्या या. त्यांची देखभाल व्हायची ती मेळाव्याच्या तारखेमुळं. तारीख जवळ आली की ऑइल बदला, ब्रेक बघा, टायरात हवा भरा. ती तारीखच गेली, आणि मराठवाडाभर अंगणांत गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

उभ्या गाडीचं काय होतं ते माझ्या गाडीत अगदी क्रमानं झालेलं होतं. बॅटरी मेली. टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन त्याला वार्निशसारखा वास सुटला, आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकांत, त्याचाच चिकट थर बसला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यानं आतून चाकांचे सिलिंडर गंजले. हँडब्रेक ओढलेला राहिल्यानं मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटून बसले. जालन्याच्या उन्हाळ्यानं दारांची रबरं तडकवली. उंदरांनी डॅशबोर्डामागची वायर खाल्ली.

2021 च्या दिवाळीनंतर मी गाडी आधी एका दुसऱ्या, मोठ्या गॅरेजला दाखवली होती. त्यांनी बॉनेट उघडायच्या आत "इंजिन खोलावं लागेल" म्हणून आकडा सांगितला. एका येझदीवाल्या काकांनी मला चाचांचा फोन नंबर दिला.

दुसऱ्याच दिवशी चाचांचा मुलगा मोटारसायकलवर जालन्याला आला. ड्रमवर लाकडाचा ठोकळा धरून हातोडीनं हळूहळू ठोकत त्यानं मागची दोन्ही चाकं मोकळी केली. मी चावी घेऊन आत बसणार, तेवढ्यात तो म्हणाला, "दीदी, सेल मारू नक्को," म्हणजे स्टार्टर फिरवू नको. इंजिन एवढा काळ बंद असलं की सिलिंडरच्या आत तेलाचा थर राहत नाही, एकदम फिरवलं तर पिस्टनच्या रिंगा घासतात. गाडी ट्रकवर चढवूनच संभाजीनगरला नेली.

तिथं चाचांनी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकातून थोडं ऑइल सोडलं आणि गाडी तशीच रात्रभर ठेवायला सांगितली. दुसऱ्या दिवशी पुढून हँडल लावून हातानं इंजिन फिरवलं. पहिल्यांदा जड गेलं, मग अर्धा फेरा, मग पूर्ण. फिरवताना ते डोळे मिटून ऐकत होते. "जाम नई है. अंदर से अच्छी है," एवढंच म्हणाले. इंजिन खोलायची गरज पडली नाही. माझे कितीतरी हजार तिथंच वाचले.

नंतर टाकी उतरवून रिकामी केली, आतला गंज धुऊन काढला. कार्बोरेटर माझ्यासमोर खोलून एकेक जेट बारीक तारेनं न खरवडता पातळ द्रावणात भिजवून साफ केला. तार घातली की भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल पिते, हे त्यांनी मला भिंग देऊन दाखवलं. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि सगळे पाइप बदलताना इथेनॉल सोसणारं रबर वापरलं. तेव्हा मला तो जादा खर्च वाटला होता. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि त्या पाइपांना अजून काही झालेलं नाही. प्लगला ठिणगी देणारे पॉइंट आणि कंडेन्सर नवे. चारही चाकांचे सिलिंडर उघडून दोन बदलले, दोन दुरुस्तीचं किट टाकून चालवले. वायरिंग जिथं उंदरानं खाल्लं होतं तेवढंच जोडलं, अख्खं बदलायचा आग्रह धरला नाही.

मजुरी आणि सामान धरून एकोणीस हजार झाले, बॅटरी वेगळी. हिशेब वहीच्या पानावर, पण प्रत्येक ओळ वाचता येईल असा. काढलेले जुने भाग एका गोणीत घालून परत दिले. मी एका बियाण्याच्या कंपनीत हिशेब बघते, त्यामुळं असला हिशेब मला कुठल्याही छापील बिलाहून पटतो.

आता उणं काय ते. काम वेळेवर होत नाही. तीन आठवडे सांगितले होते, जानेवारी 2022 ची लाट मध्ये आली हे मान्य, तरी फोन करून कळवायला हवं होतं. चाचा फोन उचलतच नाहीत, मुलालाच करावा लागतो. आधी खर्चाचा अंदाज लिहून द्या म्हटलं तर नाखूष होतात. गल्ली इतकी अरुंद आहे की जीप वळवायला दोन माणसं उतरावी लागतात. पत्रा आणि रंगाचं काम ते बाहेर देतात, आणि तिथलं काम त्यांच्या स्वतःच्या कामाच्या तोडीचं नाही; माझ्या डाव्या दरवाजाचा रंग उन्हात आताच फिका पडलाय. रंगासाठी दुसरीकडं जावं असंच मी सांगेन.

उशिराचा मला घोर होता तो कागदांमुळं. गाडीची नोंदणी 2020 मध्ये संपली होती. कोरोनात केंद्र सरकारनं अशा कागदांना पुन्हा पुन्हा मुदत वाढवून दिली, पण ती 31 ऑक्टोबर 2021 ला थांबली. आणि 1 एप्रिल 2022 पासून पंधरा वर्षांवरच्या कारच्या फेरनोंदणीची फी सहाशेवरून पाच हजार होणार होती. मधल्या त्या काळात गाडी स्वतःच्या चाकांवर आरटीओपुढं उभी करणं भाग होतं. चाचांनी लाइट, हॉर्न, वायपर, हँडब्रेक सगळं तपासून दिलं आणि मुलाला तपासणीच्या दिवशी सोबत पाठवलं. त्याचे त्यांनी जादा पैसे घेतले नाहीत. ज्यांची गाडी पन्नाशी ओलांडलेली आणि मूळ रूपात आहे त्यांना जुलै 2021 च्या नियमानं व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करता येते, वीस हजार फी आहे आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पण मग ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. आमच्या फियाटची पन्नाशी 2030 मध्ये. तोवर मी तिला भाजी आणायलाही नेणार.

या गॅरेजमधली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र दुरुस्ती नाही. टाळेबंदी उठल्यावर मोठा मेळावा घ्यायला परवानगी नव्हती, आणि घ्यायची कुणाची हिंमतही नव्हती. आमचा एक परभणीचा माणूस दुसऱ्या लाटेत गेला. मेळाव्यात ताडपत्री अंथरून फियाटच्या मागच्या लाइटच्या काचा, दारांच्या मुठी, घड्याळाचे काटे मांडून बसायचा. अमुक भाग कुठल्या गावात कुणाच्या माळ्यावर पडलाय हे त्याच्या डोक्यात होतं. त्याच्या घरच्यांनी सगळं भंगारात दिलं. त्यांच्यासाठी ते लोखंडच होतं, त्यांना दोष कसा देणार? असं आणखी किती ठिकाणी झालं असेल या विचारानं मला अजून गलबलतं.

चाचांनी हे ओळखलं. त्यांनी दर महिन्याचा पहिला रविवार ठेवला. सुरुवातीला एका वेळी पाचच गाड्या, तोंडाला मास्क, अंतर ठेवून. सकाळी सातला यायचं, गाडी गरम होईपर्यंत चालू ठेवायची, बीड बायपासपर्यंत चक्कर मारून परत. आता बंधन नाही आणि गल्लीच्या तोंडापर्यंत गाड्या लागतात. भिंतीवर एक वही टांगलेली आहे: कुणाकडं काय जादा आहे आणि कुणाला काय हवंय. मला दाराची मूठ त्या वहीतून मिळाली, उदगीरच्या एका डॉक्टरांकडून. मी त्यांना आबांनी जपून ठेवलेला जादा डायनॅमो दिला. यासाठी चाचा एक रुपया घेत नाहीत. चहासुद्धा तेच पाजतात.

कामासाठी पाचात साडेतीन देईन. त्या रविवारासाठी आणि त्या वहीसाठी पूर्ण पाच.

जायचं असेल तर पहिल्या रविवारी नुसतं बघायला जा, गाडी नंतर न्या. लांबून आणणार असाल तर टाकी रिकामी करून आणि हँडब्रेक सोडून आणा. आणि घरात जुन्या गाडीचं काही सामान पडलेलं असेल, ते कशाचं आहे हे कळत नसलं तरी भंगारवाल्याला देण्याआधी एकदा चाचांना दाखवा. शुक्रवारी दुपारी शेड बंद असते.