अडीच पटीचे लूप्स: इंटर्नच्या रोजच्या वापरातून

डेंटल कॉलेजात क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटवर काम, सुरू झालं की प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न निघतोच: लूप्स, म्हणजे दात मोठे दिसावेत म्हणून डोळ्यांवर लावायची भिंगं, आत्ता घ्यायचे की प्रॅक्टिस सुरू झाल्यावर? माझे लूप्स अडीच पटीचे, गॅलिलियन (साध्या, हलक्या रचनेचे), भिंगं चष्म्याच्या काचेतच बसवलेले, म्हणजे टीटीएल (थ्रू-द-लेन्स). अंतिम वर्षाला घेतले, आता इंटर्नशिपमध्ये रोज डोळ्यांवर असतात. माझं मत सरळ आहे: पेशंट बघायला लागलात की घ्या.

विकणारे आधी मानेचं सांगतात आणि त्यात तथ्य आहे. ठरलेल्या अंतरावरच स्पष्ट दिसत असल्यामुळे पेशंटच्या तोंडात डोकं घालून बसायची सवय आपोआप सुटते. मात्र डेक्लिनेशन, म्हणजे भिंगं खाली किती झुकलेली आहेत तो कोन, कमी पडला तर एवढे पैसे घालूनही मान वाकलेलीच राहते.

पण लूप्स घेतल्याचं सार्थक मला मानेत नाही, एका आजींच्या वरच्या दाढेत दिसलं. खुर्चीत बसल्याबसल्या त्या म्हणाल्या, "काढूनच टाक गं बाई. किती दिवस सांभाळायची?" एक्स-रेमध्ये कीड खोल होती, पण मुळांच्या टोकाशी काही नव्हतं. थंड लावल्यावर कळ आली आणि लगेच थांबलीही, म्हणजे नस जिवंत होती. मॅडमना दाखवलं, त्या म्हणाल्या वाचवून बघ. आजींना सगळं समजावून सांगितलं. थोडा विचार करून त्या हो म्हणाल्या.

अशा दाढेत कडांची कीड पूर्ण काढायची आणि नसेच्या वरचं थोडं मऊ डेंटिन, म्हणजे इनॅमलच्या आतला थर, मुद्दाम राहू द्यायचं, हे आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. प्रत्यक्षात कुठे थांबायचं हे ठरवताना हात चाचरतो. नुसत्या रंगावर निकाल देता येत नाही, एक्स्कॅव्हेटरने, म्हणजे कीड खरवडायच्या बारीक चमच्याने, चाचपावंच लागतं. पण तो नेमका कुठे टेकलाय, इनॅमलच्या खालच्या कोपऱ्यात तपकिरी रेघ उरली आहे का, भिंतीला चीर गेली आहे का, हे अडीच पटीत स्वच्छ दिसतं. मला थांबायची जागा दिसली आणि मी थांबले. कोट्याच्या वहीत, म्हणजे ठरवून दिलेल्या केसेस मोजायच्या वहीत, एक रिस्टोरेशन (भरलेला दात) वाढलं, इतकंच. आजी पुन्हा तपासणीला आल्या तेव्हा गाल थोपटून म्हणाल्या, "आता याच बाजूने चावते." तेव्हापासून मी माझ्या टिपणात कामाच्या नावाशेजारी त्या माणसाला स्वतःला काय हवं होतं तेही लिहिते. या शिक्षणात आपण केसेस मोजायला फार लवकर शिकतो, आणि हे काम आपण कोणासाठी करतोय हे कळायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, असं मला मनापासून वाटतं.

आता यातला मोठा दोष. लूप्समध्ये दात दिसतात, माणूस दिसत नाही. नजरेच्या वर्तुळात मोजकेच दात मावतात, चेहरा पूर्ण बाहेर जातो. त्यात रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणलेला रबरी पडदा, लावलेला असला की पेशंटला धड बोलताही येत नाही. म्हणून सुरू करण्याआधी मी प्रत्येकाला सांगते, "दुखलं, किंवा नुसतं थांबावंसं वाटलं, तरी डावा हात वर करा." हात वर आला की हँडपीस (ड्रिल) बंद. "झालंच आता" म्हणत पुढे रेटायचं नाही. एकदा तो हात मानला की पेशंटचे खुर्चीला आवळलेले पंजे सैल पडतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. भूल देताना तर मी भिंगांच्या वरूनच बघते. सुई सावकाश द्यायची, मिनिटाला साधारण 1 मिली, आणि मधूनमधून भुवयांकडे लक्ष ठेवायचं. कळ तिथे आधी उमटते.

हेडलाइट जोडून घेतलात तर उत्तम, तोंडात सावली पडत नाही. पण आपण मान वर केली की तो झोत थेट पेशंटच्या डोळ्यांत जातो. त्यांना गॉगल द्या आणि बोलताना लाइट बंद करा. कॉम्पोझिट, म्हणजे प्रकाशाने कडक होणारं दाताच्या रंगाचं मटेरियल, भरताना हेडलाइटवर नारिंगी फिल्टर लावायला विसरू नका, नाहीतर मटेरियल आकार देण्याआधीच कडक होऊ लागतं.

साडेतीन पटीचे आणि त्यापुढचे मी सुरुवातीला सुचवणार नाही. पट वाढली की दिसणारा भाग आणि फोकसची खोली दोन्ही कमी होतात, डोकं जरा हललं तरी चित्र हरवतं. वरच्या पहिल्या दाढेतला तो लपलेला चौथा कॅनाल (मुळातली नसेची नळी) शोधायची वेळ येईल तेव्हा बघू. अडीच पटीतही पहिले काही दिवस गरगरतं आणि हात चुकीच्या जागी जातो, म्हणून आधी तपासणी आणि स्केलिंगला (दात साफ करायला) वापरा, ड्रिल नंतर.

मापं घेताना उभं राहून किंवा टेबलाशी बसून देऊ नका. स्वतःच्या स्टुलावर, फँटम हेडसमोर (सरावाच्या कृत्रिम डोक्यासमोर), रोज बसता तसं बसा आणि डोळ्यापासून दातापर्यंतचं अंतर तिथेच मोजून घ्या. चष्म्याचा नंबर असेल तर तो ताजा तपासून द्या, कारण टीटीएलमध्ये नंतर बदल करायचा म्हणजे लूप्स कंपनीकडे परत पाठवावे लागतात आणि तोवर क्लिनिकमध्ये हात रिकामे.