‘पेंटिमेंट’ : सात महिने, तीन फेऱ्या

नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेला ‘पेंटिमेंट’ हा खेळ मी गेल्या सात महिन्यांत तीनदा शेवटपर्यंत खेळलो. चित्रातल्या माणसांवर आणि वस्तूंवर क्लिक करत पुढे जायचे, अशी याची साधी रीत आहे. कथा १५१८ साली बव्हेरियातील तासिंग या काल्पनिक गावात सुरू होते. आंद्रेआस मालर हा तरुण चित्रकार शेजारच्या मठात हस्तलिखितांतील चित्रे रंगवत असताना तिथे एका सरदाराचा खून होतो आणि आळ त्याच्या वृद्ध सहकाऱ्यावर, पिएरोवर येतो.

मला सर्वांत अधिक भावली ती अक्षरे. पात्रे आवाजात बोलत नाहीत. त्यांचे बोलणे पडद्यावर लिहिले जाते आणि बोलणारा कोण, कोणत्या थरातला, हे अक्षराच्या वळणावरूनच कळते. शेतकऱ्यांचे अक्षर साधे, मठवासीयांचे टोकदार गॉथिक, तर मुद्रक क्लाउसचे शब्द खिळे जुळवून छापल्यासारखे उमटतात. लिहिता लिहिता चूक होते आणि ती तिथेच दुरुस्त केली जाते. एखाद्या माणसाविषयीचे आंद्रेआसचे मत बदलले, की त्या माणसाचे अक्षरही बदलते. देवाच्या नावाची जागा आधी कोरी राहते आणि मग लाल शाईने भरली जाते; ते पाहताना आपल्या पोथ्यांमधले लाल शाईतले ‘उवाच’ आठवले. वाचायला सोपा टाइप निवडण्याची सोय आहे, पण गरज नसेल तर तो घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

तपासाला वेळेची मर्यादा आहे. कुणाच्या घरी जेवायला बसायचे हेही विचारपूर्वक ठरवावे लागते, कारण एका पंगतीला गेलो की दुसऱ्या घरातल्या गप्पा कायमच्या हुकतात. खरा खुनी कोण, हे खेळ ठामपणे कधीच सांगत नाही. पहिल्या फेरीत मी अपुऱ्या पुराव्यावर एकाकडे बोट दाखवले आणि त्याला प्राण गमवावे लागले. दुसऱ्या फेरीत वेगळ्या माणसावर आरोप केला, तरी मन निश्चिंत झाले नाही.

दुसरा भाग १५२५ सालचा, म्हणजे जर्मन शेतकऱ्यांच्या उठावाच्या वर्षातला आहे. कर आणि जंगलावरील हक्क यांवरून गाव आणि मठ यांच्यात पेटलेला वाद इथे कोरड्या सनावळीसारखा येत नाही, कारण ज्यांच्या घरी आपण सात वर्षांपूर्वी जेवलो तीच माणसे आता रागाने उभी असतात.

१५४३ मधला तिसरा भाग पहिल्यांदा मला संथ वाटला होता. क्लाउसची मुलगी मॅग्डालेने गावाच्या सभागृहाच्या भिंतीवर गावाचा इतिहास रंगवायला घेते आणि त्यात काय घ्यावे यासाठी लोकांना विचारत फिरते. नव्या रंगाखालून दिसणाऱ्या चित्रकाराच्या जुन्या रेषांना ‘पेंटिमेंटो’ म्हणतात, त्यावरूनच खेळाला हे नाव मिळाले आहे. तिसऱ्या फेरीत मी त्या भिंतीपाशीच सर्वांत जास्त वेळ थांबलो.