नायट्रो गाडीला कोणतं इंधन? सोलापुरात आठ महिने चालवल्यावर

गड्डा यात्रा संपता संपता, जानेवारीच्या शेवटी मी ही रिमोटवर चालणारी मॉडेल गाडी घेतली. सेकंडहँड मॉन्स्टर ट्रक, १/१० साइझ, इंजिन ०.१८ घनइंचाचं म्हणजे साधारण ३ सीसी, टाकी ७५ सीसीची. आता सप्टेंबर संपत आलाय. एवढ्या दिवसांत गाडीपेक्षा जास्त डोकं इंधनानेच खाल्लं, म्हणून हा अनुभवही इंधनाचाच.

विकणाऱ्याने सोबत ३० टक्के नायट्रोचा एक डबा दिला (हे इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण, हा टक्का नायट्रोमिथेनचा). म्हणाला, तीसवर पळवा, नुसती उडते. उडाली खरी. विजापूर रोडच्या पलीकडे मुरमाचं एक मोकळं रान आहे, पहिल्याच रविवारी तिथे पोरांचा घोळका जमला. "काय बे, पेट्रोल टाकलास का ह्यात?" आणि तासाभरात तीन ग्लो प्लग गेले. काढून बघितले तर दोघांची तार चेपून एका बाजूला चिकटलेली, तिसऱ्याची तुटलेली. त्या दिवशी इंधनापेक्षा प्लगच महाग पडले.

ग्लो इंजिनात ठिणगी नसते. प्लगमधली प्लॅटिनमची तार सुरुवातीला बॅटरीने लाल करायची, पुढे मिथेनॉलची वाफ तिला लागते तेवढ्यावर ती लाल राहते. (म्हणूनच "पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल घालून चालव की" हा सल्ला फुकटचा आहे. पेट्रोलवर ती तार पेटती राहत नाही, वर सिलिकॉनची नळी फुगून खराब होते.) नायट्रोमिथेनची गंमत अशी की ते स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येतं. एक किलो पेट्रोल नीट जाळायला १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला ६.४ आणि नायट्रोमिथेनला फक्त १.७. म्हणजे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन कोंबता येतं, ताकद तिथून येते. पण नायट्रो वाढलं की मिश्रण लवकर पेटतं, पिस्टन वर पोचायच्या आत. मग हेडखाली, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली, एखादी शिम (पातळ चकती) वाढवायची, थंड प्रकारचा प्लग लावायचा, सुई, म्हणजे कार्ब्युरेटरमधला इंधन कमी-जास्त करायचा स्क्रू, थोडी उघडायची. मी यातलं काहीच केलं नव्हतं, नुसता डबा ओतला होता.

घाबरून दुसऱ्या टोकाला गेलो. एका ओळखीच्या एरोमॉडेलिंगवाल्याकडून मॉडेल विमानाचं इंधन आणलं, नायट्रो १० टक्के, तेल १८. इंजिन गार चाललं, प्लग एकही गेला नाही. पण फेब्रुवारीतल्या सकाळच्या गारठ्यात स्टार्टरची दोरी ओढून खांदा उतरायची वेळ आली. थ्रॉटल दाबला की गाडी आधी गुदमरणार, मग हलणार, आणि घरी आणेपर्यंत मागचा सगळा भाग तेलाने माखलेला. विमान एका वेगात उडत राहतं, त्याला हे इंधन ठीक. गाडीला दर वळणावर थांबून पळायचं असतं.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. आपल्याकडे तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो, सकाळी नऊलाच मुरूम पायाला चटके देतो. पुस्तकी नियम असा की गरम हवा विरळ असते, म्हणून सुई जरा आवळायची. मी आवळली. गाडी पाच मिनिटं भन्नाट पळाली आणि मग धूरच बंद झाला. कोविडच्या काळातली कपाळावर धरायची बंदूक घरात पडून होती, ती हेडवर धरली. तिने आकडा न देता 'हाय' एवढंच दाखवलं. मराठीत वाचलं तरी अर्थ तोच! पुढच्या रविवारी मेहुण्याकडून, तो यंत्रमागाच्या सायझिंगमध्ये आहे, कारखान्यातली तापमान मोजायची बंदूक आणली. आकडा आला १४२ अंश. माझं इंजिन १०५ ते १२० मध्ये खूश असतं. बंदूक नसेल तर हेडवर पाण्याचा थेंब टाका: तीन-चार सेकंद चुरचुरला तर ठीक, टाकताक्षणी उडाला तर गाडी बंद करा.

घरात दोन अर्धे डबे पडलेले. एकात नायट्रो ३०, तेल ९. दुसऱ्यात नायट्रो १०, तेल १८. निम्मं-निम्मं केलं तर नायट्रो २० आणि तेल साडेतेरा. हिशोब कागदावर केला, मिश्रण गॅलरीत बसून मापाच्या पेल्याने केलं, सुई आठवा हिस्सा फेरी उघडली. मे महिन्यात, ४२ अंशांत, हेड ११६ वर थांबलं. मागे निळसर धुराची बारीक रेघ सतत दिसत होती. पळण्यात तीसच्या तुलनेत फरक होता, पण मुरमावर चाकं नुसतीच फिरत असताना ती जास्तीची ताकद जाते कुठे?

तेव्हापासून डबा घेताना मी आधी तेलाचा आकडा विचारतो. नायट्रो सगळे मोठ्या अक्षरांत छापतात, तेल मागच्या बाजूला बारीक असतं, कधी नसतंच. या इंजिनात तेल इंधनातूनच येतं, दुसरीकडून नाही. मिश्रण लीन झालं की इंधन कमी, म्हणजे तेलही कमी, आणि नेमकं तेव्हाच तापमान चढतं. तेलात एरंडेलाचा वाटा असलेला बरा, जास्त उष्णतेत ते टिकून राहतं. निव्वळ सिंथेटिक स्वच्छ जळतं, एरंडेलाने पिस्टनवर तपकिरी थर बसतो. मला तो थर परवडतो.

आणखी एक, टक्के वजनाचे की मापाचे हेही विचारा. नायट्रोमिथेन मिथेनॉलपेक्षा बरंच जड आहे. वजनाने २५ टक्के असलेला डबा मापाने जेमतेम १९ भरतो, त्यामुळे दोन डबे शेजारी ठेवून आकडे ताडण्यात अर्थ नाही. युरोपात तर १ फेब्रुवारी २०२१ पासून सामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय वजनाने १६ टक्क्यांपेक्षा जास्त नायट्रोमिथेनचं इंधन मिळत नाही, ते स्फोटकांसाठी वापरता येतं म्हणून. तिकडचे लोक १६ वरही मजेत गाड्या पळवतात.

जूनपासून मी तयार २० टक्क्यांचं, १२ टक्के तेलाचं वापरतोय. एक लिटर म्हणजे तेरा टाक्या, टाकीला आठ-नऊ मिनिटं. तक्रार इंधनाबद्दल नाही, माझ्याबद्दलच आहे. आषाढीला आठ दिवस पंढरपूरला गेलो आणि निघण्याच्या आदल्या दिवशी चालवलेली गाडी तशीच कोपऱ्यात ठेवली. नायट्रो जळून मागे आम्लाचा अंश राहतो, त्यात पावसाळी हवा. परत आलो तर मागच्या बेअरिंगवर हळदीकुंकवासारखा गंज. आता दर वेळी उरलेलं इंधन संपेपर्यंत इंजिन चालू ठेवतो, कार्ब्युरेटरमध्ये आफ्टर-रन तेलाचे (चालवून झाल्यावर गंज लागू नये म्हणून घालायच्या तेलाचे) चार थेंब टाकून फ्लायव्हील फिरवतो आणि पिस्टन खाली आणून ठेवतो. त्याच महिन्यात अर्धा रिकामा डबाही बाद झाला. झाकण नीट बसलं नव्हतं, मिथेनॉलने हवेतलं पाणी ओढलं, आयडलिंग कधी वर कधी खाली. दोन रविवार सुया फिरवत बसलो, दोष डब्यात होता.

डब्यावरून आठवलं. माझं इंधन गुलाबी आहे. मे महिन्यात थोडंसं पाण्याच्या बाटलीत काढून ओट्याशेजारी ठेवलं होतं, तर आईने ग्लासच आणला. "रोझ सरबत कधी केलंस रे?" मिथेनॉल घोटभर गेलं तरी डोळे जाऊ शकतात, जीवही. त्या दिवसापासून इंधन मूळ डब्यातच, माळ्यावर, कुलपात. भरताना हातमोजे, आणि दुपारच्या उन्हात भरत असाल तर आजूबाजूला कुणी बिडी पेटवत नाही ना ते बघा, कारण मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसत नाही, फक्त चटका बसतो.

डब्यात आता तीन-चार टाक्यांपुरतं उरलंय. दिवाळीआधी नवा मागवायचाय. थंडीसाठी २५ घेऊन बघावं असं भाचा म्हणतोय, सकाळी लवकर सुरू होईल म्हणून. शिम आधी मागवतो, मग बघू.