पुन्हा एव्हरॉनवर: 'आर्मा: कोल्ड वॉर असॉल्ट' सात महिने खेळल्यानंतर

आधी नावाचा घोळ मिटवतो. सैनिक होऊन खेळायचा हा युद्धाचा गेम म्हणजे 2001 सालचा 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट: कोल्ड वॉर क्रायसिस'च. प्रागच्या बोहेमिया इंटरॅक्टिव्हने बनवलेला. जुनं नाव तेव्हाच्या प्रकाशकाकडे राहिलं, म्हणून 2011 पासून तो 'आर्मा: कोल्ड वॉर असॉल्ट' या नावाने मिळतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात जुनं नाव टाकून, काही सापडलं नाही म्हणून परत फिरलेले दोघं-तिघं मला माहीत आहेत. 2002 ची 'रेझिस्टन्स' ही जोडकथा यात आहे, 'रेड हॅमर' ही दुसरी जोडकथा नाही.

गेले सात महिने मी हा गेम दोन ठिकाणी खेळतोय. घरी विंडोज 11 च्या लॅपटॉपवर, माउस-कीबोर्ड लावून. आणि प्रवासात सात इंची पडद्याच्या, लिनक्सवर चालणाऱ्या हँडहेल्ड पीसीवर. शिवाय भाच्याच्या प्लेस्टेशन 5 वर 'आर्मा रिफोर्जर' खेळलो. तो याच मालिकेतला नवा गेम आणि त्यात बेटही हेच आहे, एव्हरॉन. तिन्हींबद्दल सांगतो, पण जास्त जुन्याबद्दलच, कारण जीव त्याच्यात आहे.

माझी आणि या गेमची पहिली गाठ 2003 ची, सांगलीतली. गल्लीच्या टोकाला एक दुकान होतं, तिथून पन्नास रुपयांना कॉपी केलेली सीडी आणली. मी आणि मोठा भाऊ आलटून पालटून खेळायचो. पहिले काही दिवस झकास गेले, मग माझा नेम बिघडत गेला. समोर उभा असलेला शत्रू, नीट दुर्बीण रोखलेली, आणि गोळी भलतीकडेच. भाऊ म्हणायचा, "तुला घाई फार." मी मान्य करून टाकलं आणि गेम सोडला. पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं की या गेमला 'फेड' नावाचं संरक्षण होतं: नकली प्रत असेल तर गेम बंद पडत नाही, हळूहळू खराब होत जातो आणि बंदुकीचा नेमही ढळायला लागतो. वाचलं तेव्हा बराच वेळ नुसता बसून राहिलो. लहानपणीची एक हार माझी नव्हतीच.

म्हणून या वेळी पैसे मोजून घेतलेल्या प्रतीत पहिल्या संध्याकाळी मी फक्त नेमबाजी केली. गेममध्येच मोहिमा बनवायचा एडिटर आहे, त्यात एक सैनिक ठेवला, अंदाजे दोनशे मीटरवर. एम16 रायफल एकेका गोळीवर लावली, आडवा पडलो, श्वास रोखला. पहिल्याच गोळीत तो खाली बसला. भावाला लगेच फोन केला. त्याचं उत्तर: "आता परत ये, दोघं मिळून खेळू."

आता गेमकडे येतो. काळ 1985 चा, गुबा नावाचा बंडखोर सोव्हिएत जनरल आणि एव्हरॉन, माल्डेन, कोल्गुयेव अशी समुद्रातली बेटं. तुम्ही डेव्हिड आर्मस्ट्राँग नावाचे साधे शिपाई. सुरुवातीला हुकूम ऐकायचे आणि रांगेत पळायचं, एवढंच काम. पुढे कथा रणगाड्यावरच्या हॅमरकडे, वैमानिक निकोल्सकडे आणि विशेष पथकातल्या गास्टोव्हस्कीकडे फिरत राहते. पहिल्या दोन तासांत तुम्ही बंदुकीपेक्षा ट्रकच्या मागच्या फळीवर जास्त वेळ बसता. मला हे आवडतं. लढाई कुठे आहे हे आवाजावरून कळतं, डोळ्यांना दिसते फार उशिरा.

या गेमचा खरा कणा म्हणजे एका मोहिमेत एकदाच सेव्ह करायची मुभा. एकदाच! आजच्या गेममध्ये दर दोन मिनिटांनी आपोआप सेव्ह होतं, त्यामुळे मरण्याचं काही वाटत नाही. इथे मोंतिन्याक या गावाची लढाई फसते, माघारीचा हुकूम येतो आणि तुम्ही एकटे मागे राहता. पुढची अख्खी मोहीम जंगलातून एकट्याने निसटण्याची आहे. त्यात सेव्ह कुठे वापरायचा हा निर्णय गोळी झाडण्यापेक्षा कठीण आहे. मी चौथ्या प्रयत्नात पार झालो. तिसऱ्यांदा गस्तीची तुकडी पुढे गेल्यावर लगेच उठलो होतो. तुकडीतला शेवटचा माणूस मागे रेंगाळलेला होता, त्याने टिपलं. चौथ्यांदा झुडपात तसाच पडून राहिलो, पावलं पूर्ण थांबेपर्यंत. दिवाणखान्यात घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, इतकं शांत.

आणि आकाश! या गेममधले तारे शोभेचे नाहीत, जागच्या जागी आहेत. रात्रीच्या मोहिमेत मी सप्तर्षी शोधले, त्यांच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ वाढवत नेली आणि ध्रुवतारा सापडला. आजोबांनी गच्चीवर शिकवलेलं तसंच. उत्तर कळली, नकाशा त्याप्रमाणे फिरवला आणि रस्ता मिळाला. 2001 सालच्या गेममध्ये हे कोणीतरी मनापासून करून ठेवलंय. अवघड पातळीवर नकाशा तुमची जागा दाखवत नाही, तेव्हा ही माहिती खरोखर जीव वाचवते.

नव्या यंत्रांवर काय अडतं तेही सांगायला हवं. गेम चौकोनी मॉनिटरच्या काळातला आहे. रुंद पडद्यावर चित्र ताणलं जातं आणि माणसं बुटकी, जाड दिसतात. त्यावर उपाय सोपा आहे: तुमच्या नावाच्या फोल्डरमधली 'युजरइन्फो' फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि 'फोव्हलेफ्ट'ची (fovLeft, म्हणजे दिसण्याची रुंदी) किंमत 1 असेल ती 16:9 पडद्यासाठी 1.333 करा, 16:10 साठी 1.2. 'फोव्हटॉप' (fovTop, म्हणजे उंची) 0.75 च राहू द्या. पाच मिनिटांचं काम, पण ते केल्याशिवाय खेळू नका. दिसण्याचं अंतर मुळात 900 मीटर असतं. आजच्या लॅपटॉपला ते दुपटीने वाढवलं तरी काही वाटत नाही आणि खोऱ्यापलीकडचं गाव दिसायला लागतं. पण जपून. मोहिमा त्या 900 मीटरच्या धुक्यासाठी रचलेल्या आहेत, जास्त दिसायला लागलं की काही ठिकाणी धास्तीच निघून जाते. मी 1500 च्या आसपास ठेवतो.

हँडहेल्डवर गेम चालतो, गरमही होत नाही, बॅटरीही पुरते. अडचण वेगळीच आहे. तीनशे मीटरवरचा सैनिक म्हणजे पडद्यावरचे चार-पाच ठिपके आणि सात इंची पडद्यावर ते चार ठिपके झाडाच्या सालीत मिसळून जातात. मला तर अनेकदा गोळी लागल्यावरच कळलं की तिथे कोणी होतं. दुसरं, तुकडीला हुकूम द्यायचे ते एफ2, एफ3 दाबून माणूस निवडायचा आणि मग आकड्यांच्या मेनूतून. कंट्रोलरसाठी हे कधी बनलंच नव्हतं. मी डाव्या टचपॅडवर आकड्यांचं गोल चक्र बसवलं, मागच्या बटणांवर एफ की बसवल्या. दोन शनिवार-रविवार गेले. आता तिघांची तुकडी नीट हलवता येते, अकरा जणांची नाही. त्यामुळे माझी वाटणी अशी झाली आहे: एकट्याच्या, रात्रीच्या, लपतछपत करायच्या मोहिमा रेल्वेत, कानात चांगले हेडफोन घालून. रणगाडे आणि मोठ्या तुकड्या घरी, टेबलावर.

ऑनलाइन खेळण्यासाठी मात्र हा गेम घेऊ नका. त्याची सर्व्हरयादी गेमस्पाय या खेळाडूंना जोडणाऱ्या सेवेवर होती आणि गेमस्पाय 2014 मध्ये बंद झाली. जुन्या खेळाडूंनी पर्याय उभे केले आहेत, पण माणसं मोजकीच.

आता रिफोर्जर. तो नोव्हेंबर 2023 मध्ये पूर्ण स्वरूपात आला, पुढच्या वर्षअखेरीस प्लेस्टेशन 5 वर. काळ 1989, बेट तेच एव्हरॉन, जवळपास 51 चौरस किलोमीटर. भाच्याच्या घरी मोठ्या टीव्हीवर मोंतिन्याकचा रस्ता पुन्हा पाहिला आणि अंगावर काटा आला. मला वळणं पाठ होती. "मामा, तुला कसं कळलं पुढे पूल आहे?" त्याने विचारलं. त्यात सामान वाहणाऱ्या ट्रकला किंमत आहे, रेडिओवरून खरी माणसं बोलतात आणि कंट्रोलर हातात नीट बसतो. भाचा अर्धा तास नुसता रसद पोचवत बसला, कंटाळला नाही. हे पाहून बरं वाटलं.

पण जुनी मोहीम, ती कथा, तो एकटेपणा रिफोर्जरमध्ये नाही. तिथे झुडपात पडून राहिलो की कोणीतरी माइकवर बोलतच असतं. मित्रांबरोबर खेळायचं असेल, कन्सोलच असेल, तर रिफोर्जर जरूर घ्या. एकट्याला रात्री दिवा मालवून खेळायचं असेल, तर जुनाच घ्या, आणि शक्यतो पीसीवर घ्या.

भाच्याला मी जुन्याचा एडिटर दाखवला. नकाशावर डबल क्लिक, सैनिक उभा. पुन्हा डबल क्लिक, ट्रक. वाट आखायची, की झाली मोहीम. तासाभरात त्याने स्वतःचा सापळा रचला, दोन्ही बाजूंना माणसं लपवली आणि मला ट्रक चालवायला बसवलं. तिसऱ्या वळणावर उडालो. त्याला इतका आनंद झाला की आईला बोलावून दाखवला.

सध्या 'रेझिस्टन्स'मध्ये आहे. 1982 साल, नोगोवा बेट आणि लढाई सोडून घरी बसलेला व्हिक्टर ट्रोस्का. यात वाचलेली माणसं आणि जमवलेल्या बंदुका पुढच्या मोहिमेत तुमच्याबरोबर येतात, म्हणून प्रत्येक माणूस जपावासा वाटतो. काल रात्री लढाई संपल्यावर वीस मिनिटं मी मैदानातून एकेक रायफल उचलून ट्रकमध्ये भरत होतो. पलीकडे भाऊ फोनवर मोजत होता: "अकरा झाल्या. त्या कुंपणाजवळ अजून एक पडली असेल, बघ."