इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर घ्यावा, की आहे त्याचीच गळती काढावी?

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत हवा दाबून देणारा जुना स्क्रू कॉम्प्रेसर कुरकुरायला लागला की दोन सल्ले हमखास मिळतात. विक्रेता म्हणतो, इन्व्हर्टरचं म्हणजे व्हीएफडीचं, हवेच्या मागणीप्रमाणे मोटरचा वेग बदलणारं मशीन घ्या. मेंटेनन्सवाला म्हणतो, आधी हवेची लाइन दुरुस्त करू. दोघांचंही बरोबर असू शकतं. कोणाचं आधी ऐकायचं, हे तुमच्याच मशीनच्या डिस्प्लेवर कळतं.

तिथे रनिंग अवर्स आणि लोड अवर्स असे दोन आकडे असतात. आठवड्याच्या अंतराने दोनदा उतरवून घ्या. समजा मशीन १४० तास चाललं आणि त्यातले ९१ तास लोडवर, म्हणजे हवा दाबत होतं, तर लोड ६५ टक्के. उरलेले ४९ तास अनलोड, म्हणजे मोटर नुसती फिरली. अनलोडला स्क्रू मशीन पूर्ण लोडच्या साधारण पाव ते एक तृतीयांश वीज खातं. लोडला ४० किलोवॉट घेणारं मशीन अनलोडला १२ घेत असेल, तर आठवड्याला जवळपास ५९० युनिट हवा न देताच गेले.

इन्व्हर्टर यातला मोठा हिस्सा वाचवतो, सगळा नाही, कारण वेग बदलणारा ड्राइव्ह स्वतःच दोन-चार टक्के खातो. म्हणून लोड कायम ८५-९० टक्क्यांच्या वर असेल तर साधं फिक्स्ड स्पीड, म्हणजे एकाच वेगाने चालणारं मशीनच बरं. लोड ४० ते ७५ टक्क्यांत वर-खाली होत असेल तर इन्व्हर्टर शोभतो. खूपच कमी मागणीला त्याचाही उपयोग नाही, कारण ठरावीक वेगाखाली तो चालत नाही.

पण त्या ६५ टक्क्यांत खरी गरज किती आणि गळती किती? सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालवा आणि घड्याळ लावा. दीड मिनिट लोड, साडेतीन मिनिटं अनलोड असं चक्र दिसलं, तर क्षमतेच्या ३० टक्के हवा गळतीत जातेय. देखभाल नसलेल्या कारखान्यात २० ते ३० टक्के गळती नवलाची नाही. सात बार दाबाला तीन मिलिमीटरचं एक छिद्र साधारण तीन किलोवॉट खातं. चोवीस तास, ३०० दिवस धरले तर २१,६०० युनिट. नऊ रुपये दराने एक लाख ९४ हजार. आणि हे छिद्र असतं कुठे? एफआरएलच्या (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर) वाटीखाली, चिरलेल्या पीयू (प्लास्टिकच्या लवचिक) पाइपच्या टोकाला, उघड्या राहिलेल्या ड्रेन कॉकवर. साबणाचं पाणी आणि एक माणूस एवढ्यात सापडतं.

गळती न काढता इन्व्हर्टर घेतला तर तो त्या छिद्रांनाही इमानेइतबारे हवा पुरवणार. शिवाय मशीनचा आकार गळतीसकट ठरतो. आधी ५० एचपी लागत होतं, तिथे नंतर ४० पुरू शकतं. म्हणून माझा कौल स्पष्ट आहे: आधी गळती, मग प्रेशर, मग खरेदी.

प्रेशरचं थोडक्यात: सात बारच्या आसपास एक बार कमी केला की सहा-सात टक्के वीज वाचते. दाबलेली हवा साठवणारी रिसीव्हर टँक लहान असेल तर मशीन सतत लोड-अनलोड करत बसतं आणि अनलोडची वीज पूर्ण उतरायच्या आतच पुन्हा लोड होतं. मोठी टँक नव्या मशीनच्या मानाने फारच स्वस्त पडते.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही हिशेब धरा. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना पत्र्याच्या शेडमध्ये, कॉम्प्रेसरच्याच गरम झोतात, आत ओढली जाणारी हवा आणखी तापते. दर चार अंशांना साधारण एक टक्का वीज वाढते. गरम हवा डक्टने बाहेर काढणं दोन्ही मशीनना लागतंच, पण इन्व्हर्टरला जास्त, कारण ड्राइव्हचं पॅनल उष्णता आणि धूळ सहन करत नाही. जालना-परभणीकडच्या जिनिंगमध्ये कापसाचे तंतू फिल्टर गच्च करतात. तिथे रोज साफसफाई करणारा माणूस नसेल तर मी साधं मशीनच घेईन.

दोन कॉम्प्रेसर असतील तर एक फिक्स्ड बेसलोडला, म्हणजे कायमच्या मागणीला, आणि एक इन्व्हर्टर चढ-उताराला ही जोडी चांगली, फक्त इन्व्हर्टर किमान ते कमाल जितकी हवा कमी-जास्त करू शकतो, तो फरक फिक्स्डच्या क्षमतेपेक्षा थोडा जास्त हवा. कोटेशन मागताना १००, ७५ आणि ५० टक्के हवेला दर सीएफएममागे (मिनिटाला एक घनफूट हवा) पूर्ण पॅकेजला, म्हणजे मोटर, पंखा, ड्राइव्ह सगळं धरून, किती किलोवॉट लागतात, हे लेखी घ्या. नुसत्या मोटरचा आकडा स्वीकारू नका.