जुन्या गोव्यातला इन्क्विझिशन वॉक: चार स्टार

ज्यांना चर्चसमोर फोटो काढून बीचवर पळायचंय त्यांनी या वॉकच्या भानगडीत पडू नका, कारण इथे डोळ्यांनी बघण्यासारखं फार काही उरलेलंच नाही. इन्क्विझिशनचं (पोर्तुगीज काळातलं, धर्माविरुद्ध वागणाऱ्यांवर खटले चालवणारं चर्चचं न्यायालय) कोर्ट आणि कोठड्या होत्या तो से कॅथेड्रलजवळचा वाडा कधीच पाडला गेलाय, त्यामुळे गाइड मोकळ्या जागेत उभं राहून १५६० ते १८१२ चा कारभार सांगतो (मधे १७७४ ला बंद केलेलं, चार वर्षांनी परत चालू!). पण माणूस तयारीचा आहे हां. बहुतेक केसेस बाप्तिस्मा झाल्यावरही घरात गुपचूप जुने रीतिरिवाज पाळणाऱ्यांच्या होत्या, १७३६ च्या हुकुमात तर धोतर-चोळी आणि दारातल्या तुळशीपर्यंत बंदी, हे त्याने नीट उलगडून सांगितलं. गार्सिया द ऑर्ताचं ऐकून तर आमचा अख्खा ग्रुप गप्प. मुंबई बेट ज्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं तोच हा डॉक्टर, १५६८ ला वारला, पुढच्या वर्षी बहिणीला जाळलं आणि १५८० मध्ये याची हाडं उकरून काढून जाळली, का तर म्हणे लपून ज्यू धर्म पाळायचा. मेलेल्या माणसावर खटला!

आता एक स्टार का कापला. पाद्र्यांवरच्या खटल्यांना याने जेमतेम पाच मिनिटं दिली राव. कन्फेशनला, म्हणजे पापाची कबुली द्यायला आलेल्या बायकांकडे भलतीच मागणी करणारे पाद्रीसुद्धा याच कोर्टापुढे यायचे, पण सामान्य माणसाची चौकात धिंड आणि यांची शिक्षा बहुतेक वेळा बंद दाराआड, हा फरकच खरा विषय आहे आणि तो एका वाक्यात उडवला. मद्रासच्या फादर एफ्रेमचा किस्सा तर मी विचारला म्हणून सांगितला, कॅपुचिन पंथाचा फ्रेंच पाद्री, १६४९ मध्ये मद्रासजवळच्या पोर्तुगीज वसाहतीत, सांथोमला, धरून गोव्याला आणला, आरोप पाखंडाचा, आणि सुटला कशामुळे तर गोवळकोंड्याच्या सुलतानाचा सरदार मीर जुमल्याने सांथोमवर दबाव टाकला म्हणून. असली स्टोरी हातात असताना छळाच्या वर्णनात अर्धा तास कशाला घालवायचा?

सकाळची बॅच घ्या, सावली अजिबात नाही. लहान मुलं नेऊ नका. इंग्रजी बॅचपेक्षा मराठीत गाइड जास्त खुलतो, बुकिंग करतानाच सांगून ठेवा.