सावलीतला कोपरा: आपोआप आलेले शेवाळ की लावलेली हिरवळ?

बागेतल्या ओलसर, सावलीच्या कोपऱ्यात गवत विरळ होऊन मऊ हिरवा थर दिसू लागला की तो खरवडून पुन्हा हिरवळ लावावी, की आहे तसा राहू द्यावा, हा प्रश्न पडतो. आधी ओळख पटवावी, कारण मराठीत ‘शेवाळ’ हा एकच शब्द दोन निराळ्या गोष्टींना लागतो. फरशीवरचा बुळबुळीत लेप बहुधा शैवालाचा (अल्गीचा) असतो. त्यात खोड-पाने नसतात. खरे मॉस भिंगातून पाहिल्यास इवल्या पानांची दाट रोपे दिसतात आणि कधी कधी त्यांवर बारीक देठांच्या टोकाला बीजाणूंच्या कुप्या डोलताना आढळतात.

हिरवळीला ऊन, खत, कापणी आणि नियमित पाणी लागते. सावलीत ती रोडावतेच. मॉसला खरी मुळे नसतात, मूलाभ म्हणजे मुळांसारखे बारीक तंतू केवळ पकड देतात आणि पाणी बरेचसे पानांतूनच शोषले जाते, त्यामुळे ते दगडावरही नांदते, कोरड्या दिवसांत आक्रसून तपकिरी होते आणि सर पडताच पुन्हा हिरवे होते. मेले समजून ते उपटणारे अनेक असतात. ते गवताला मारते हा समजही चुकीचा आहे. गवताने सोडलेली जागाच ते घेते.

पायदळी तुडवणे मात्र हिरवळच सोसते. त्यामुळे मुलांच्या खेळण्याच्या जागी गवत ठेवावे. झाडाखालचा कोपरा मी निःसंकोच मॉसला देईन आणि त्यावर साचलेला पाचोळा तेवढा हलक्या हाताने उचलीन.